चार्ज देताना

बस, आम्रपाली. बाकडं डावीकडून हलतं, उजवीकडे बस.
बारा खाटा, आठ पेशंट.
चार नंबरची सलाईन संपत आलीय. नवी लावू नकोस.
आजी पाणी पितेय आता, सकाळी पेजही प्यायली,
तोंडाची वाट उघडली की शिरेची बंद करावी.
एक बाटली, एक नळी, एक सुई वाचते
आणि आजीला डोईवरचा पदर स्वतःच्या हातानं सावरता येतो.

पडद्यामागे ताणकाटा टांगलाय.
पूर्वी त्याला झोळी अडकवून बाळं मोजायचो.
बाळांना आता आकड्यांचं यंत्र आलं,
म्हातारा काटा पिशव्यांकडे लागला:
पिवळी, लाल, निळी.
पांढरा डबा सुयांचा, पाऊण भरला की झाकण.
दाबून भरायचा मोह होतो. होऊ देऊ नकोस.

पहिल्यांदा मोजलं त्या दिवशी
पळसबोडीत तीन बाळं जन्मली,
तिघं मिळून सात किलो दोनशे.
पिशव्या नऊ किलो.
यमुनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"इतके तं तांदूळबी नाही रांधत आमी."

का मोजायला लागले, ते रजिस्टरात नाही.
मागे खड्डा होता. सगळं त्यात जाळायचो,
धूर मोहाच्या फांद्यांतून वर जायचा
आणि आम्हाला वाटायचं, गेलं.
एका चैत्रात डुकरांनी खड्डा उकरला.
पहाटे फुलं वेचताना
आत्रामांच्या सुगंधानं, नऊ वर्षांच्या,
फुलासोबत सुई उचलली.

सहा महिन्यांत तीनदा रक्त काढलं तिचं.
दर वेळी नवी सुई.
दर वेळी ती आधी सुईकडे बघायची, मग माझ्याकडे.
काही निघालं नाही.
तिच्या आईनं मात्र त्या झाडाखाली पुन्हा टोपली नेली नाही.
झाड गाळत राहिलं,
अख्खा हंगाम तिथेच वाळला, आंबला,
खिडकी उघडली की वास यायचा गोडसर.
मी खिडकी उघडीच ठेवायचे.

आता ग्लोव्हज.
रक्त, जखम, बाळंतपण: तिथे विचार न करता घाल,
तिथे काटकसर केलीस तर माझ्याशी गाठ आहे.
पण ताप बघायला लागत नाहीत, नाडीला लागत नाहीत,
गोळी द्यायला, खांदा धरून उठवायला लागत नाहीत.
हात धू. नळाला पाणी आहे बहुतेक दिवस.
सात नंबरच्या कचराबाई मला म्हणाल्या होत्या,
"रबराचा हात नोको लावू, माय, परका लागते."
त्या महिन्यात दोन खोकी कमी उघडली.
त्यांचं नाव कचराबाईच होतं, हसू नकोस,
आधीची दोन लेकरं गेली म्हणून ठेवलेलं,
की दृष्ट लागू नये, कुणी नेऊ नये.

कुळमेथे डॉक्टर एका चिमट्यासाठी अख्खा संच उघडायचे.
मी काही बोलले नाही,
उरलेला संच रोज त्यांच्या टेबलावर ठेवत गेले.
नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, चिमटे सुटे शिजतात का?
शिजतात. मंगळवारी आणि शुक्रवारी, वीज असली तर.

सगळं जमलं असं समजू नकोस.
नाल्याला पूर आला की पिशव्यांची गाडी येत नाही,
तीन तीन दिवस त्या खोलीचं दार
श्वास धरून उघडावं लागतं.
जिल्ह्याला सहा पत्रं गेलीत.
सातवं ड्रॉवरमध्ये आहे, अर्धं.
पुढचं तुझ्या अक्षरात लिही.

आणि हो, काटा.
रिकामा असला तरी शून्यावर येत नाही,
पन्नास ग्रॅम धरूनच बसतो.
दुरुस्तीवाल्यानं स्प्रिंग बदलू म्हटलं,
मी नको म्हटलं, जुनी टाकायची कुठे?
रोज पन्नास वजा कर.
झोळीतल्या बाळांच्या वेळीही करायचो.

ही किल्ली. ही दुसरी कशाची, मलाही माहीत नाही,
पण ठेव.